आजी मोठ्याने प्रार्थना करायची म्हणून

चर्चमधल्या बायका कुठेही चार जणी जमल्या की विषय मुलांवर येतोच, आणि मुलांवर आला की मग तेच, लहान होता तेव्हा संडे स्कूलला पळत जायचा, वचनं तोंडपाठ, आणि आता सतरा वर्षांचा झालाय तर रविवारी सकाळी हाक मारली की पांघरूण डोक्यावर ओढून घेतो. मग कुणी म्हणतं मोबाईलमुळे, कुणी म्हणतं मित्र बरोबर नाहीत, कुणी म्हणतं हल्लीचे युथ लीडर पूर्वीसारखे राहिले नाहीत. आणि शेवटी एखादी आई हळूच विचारते, माझंच काही चुकलं का गं? हा प्रश्न मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलाय की आज ठरवलं, यावर नीट बसून लिहायचंच.

आधी सांगते, मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही. मी आई आहे, आणि माझ्या आजीची नात आहे, आणि बायबल वाचते, बस. पण या विषयावर बायबलमध्ये आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासात बायकांच्या इतक्या गोष्टी आहेत आणि आपण त्यातल्या दोनतीनच परत परत ऐकतो, त्याही अशा गुळगुळीत करून की त्यातून खऱ्या आईला काही मिळत नाही.

लोईस आणि युनीके घ्या. मदर्स डेच्या उपासनेत हमखास येणारी नावं. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला दुसऱ्या पत्रात लिहितो की तुझ्यातला हा निष्कपट विश्वास आधी तुझ्या आजीत होता, मग तुझ्या आईत, आणि आता तुझ्यात आहे. आजी लोईस, आई युनीके. संपूर्ण नव्या करारात असं आजीचं नाव घेऊन कौतुक आणखी कुठे नाहीये. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं आणि इथेच उपदेश संपतो. पण प्रेषितांची कृत्ये उघडून 16वा अध्याय वाचा. तिथे कळतं की तीमथ्याचा बाप ग्रीक होता. आणि तीमथ्याची सुंता झालेली नव्हती, ती पुढे तो मोठा झाल्यावर पौलाने करवली. यहुदी घरात मुलाची सुंता आठव्या दिवशी होते, ती याची झाली नव्हती म्हणजे विचार करा त्या घरात काय परिस्थिती असेल. कारण लिहिलेलं नाही, पण एवढं तरी नक्की की युनीकेच्या घरात सगळं नियमाप्रमाणे, जसं व्हायला हवं तसं होत नव्हतं. आणि तरी पौल म्हणतो की तुला बाळपणापासून पवित्र शास्त्राची माहिती आहे. बाळपणापासून! म्हणजे जे तिच्या हातात नव्हतं ते राहिलं, पण जे हातात होतं ते त्या दोघींनी सोडलं नाही.

मला हे त्या सगळ्या बायकांना ओरडून सांगावंसं वाटतं ज्या चर्चमध्ये एकट्या येऊन बसतात, नवरा येत नाही, किंवा विश्वासात नाही, किंवा घरात थट्टा होते, आणि ज्यांना वाटतं की आमचं घर काही आदर्श ख्रिस्ती घर नाही त्यामुळे आमच्या मुलांचं काही खरं नाही. अगं, तीमथ्याचं घर पण तसलंच होतं.

आता माझ्या आजीबद्दल. आजीला म्हातारपणी डोळ्यांनी नीट दिसायचं नाही, मोठ्या अक्षरांचं बायबल होतं तरी ओळी एकमेकींत मिसळायच्या, म्हणून संध्याकाळी मला वाचायला बसवायची. मी भराभर वाचून मोकळी व्हायला बघायचे. ती मध्येच थांबवायची आणि विचारायची, "बाळा, इथे तुला काय वाटलं?" आणि मग खरंच उत्तराची वाट बघायची. मी काहीतरी फालतू बोलले तरी ऐकून घ्यायची, हं म्हणायची, आणि पुढे वाच म्हणायची. चूक-बरोबर काही नाही. एकदा मी म्हटलं की आजी, देवाने सांगितलं म्हणून अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, मारायला निघाला हे मला अजिबात आवडलं नाही, तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली मला पण ते वाचताना अजून भीती वाटते. माझ्या लेखी ते फार मोठं होतं. इतकी वर्षं बायबल वाचणारी माझी आजी, तिलाही भीती वाटते आणि ती तरीही वाचते.

आणि तिची प्रार्थना मोठ्याने असायची. मनातल्या मनात तिला जमायचंच नाही. रात्री दिवा घालवल्यावर पलंगाच्या कडेला बसून, डोक्यावर पदर घेऊन, एकेकाचं नाव घेऊन देवाशी बोलायची, अगदी समोर माणूस बसल्यासारखी. अमक्याची नोकरी, तमकीचं बाळंतपण, शेजारच्यांचं भांडण, माझी गणिताची परीक्षा. कधी रागावलेली असायची, प्रभू किती दिवस झाले तुला सांगतेय असं म्हणायची. आणि मी पांघरुणात पडून सगळं ऐकायचे. माझं नाव कधी येतं याची वाट बघत झोपून जायचे. मला प्रार्थना कशी करायची हे कुणी शिकवल्याचं आठवत नाही. ती कानावर पडत गेली.

माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे खरं तर. मुलांना आपला विश्वास दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे, आणि तो जसा आहे तसा. आपण काय करतो, मुलांसाठी एक वेगळा, इस्त्री केलेला विश्वास ठेवतो. त्यांच्यासमोर सगळी उत्तरं माहीत असल्यासारखं वागतो, आणि आपलं खरं रडणं, खरा प्रश्न, देवावरचा खरा राग, हे बाथरूमचं दार लावून. मुलं बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत ते चालतं. मग त्यांच्यावर पहिलं मोठं दुःख येतं, आणि त्यांना कळत नाही की अशा वेळी विश्वासात राहायचं म्हणजे काय करायचं, कारण त्यांनी आपल्याला तसं करताना बघितलेलंच नसतं.

रूथचं पुस्तक या नजरेने वाचलंय का कधी? नामी काही आनंदी, गाणी गाणारी, सासूबाई-किती-आध्यात्मिक अशी बाई नव्हती. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, परक्या देशात एकटी पडलेली, आणि ती सुनांना स्पष्ट सांगते की परमेश्वराचा हात माझ्यावर उठलाय. पुढे गावी परत आल्यावर बायकांना म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणजे कडू म्हणा, सर्वसमर्थाने माझं आयुष्य फार कडू केलंय. आणि त्या पहिल्या वाक्यानंतर लगेच, त्याच प्रसंगात, तिची सून रूथ म्हणते की तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. रूथने असं काय बघितलं असेल? सुखाची साक्ष तर नक्कीच नाही. मला वाटतं तिने एक बाई बघितली जी देवावर रुसलीये, पण बोलते अजूनही त्याच्याबद्दलच, आणि परत जायला निघाली तीही त्याच्याच लोकांकडे. पुस्तकाच्या शेवटी रूथचं बाळ ओबेद नामीच्या मांडीवर आहे आणि तीच त्याला सांभाळते. हा ओबेद म्हणजे दावीद राजाचा आजोबा. दावीदाच्या घराण्यात विश्वास आला त्या वाटेवर ही एक कडवट झालेली, खरं बोलणारी सासू उभी आहे.

मागच्या वर्षी माझी आई आजारपणात गेली तेव्हा माझ्या मुलीने मला विचारलं, आपण सगळ्यांनी प्रार्थना केली, चर्चने केली, आजी तरी बरी का नाही झाली? ती पंधरा वर्षांची आहे. तिच्या डोळ्यांत राग होता. त्या क्षणी जिभेवर सगळी तयार उत्तरं येतात, देवाची इच्छा, देवाची योजना वेगळी असते, आजी आता चांगल्या ठिकाणी आहे. माझा त्यातल्या काहींवर विश्वासही आहे. पण मी तिला म्हटलं की मला माहीत नाही गं, मी पण देवाला हेच विचारतेय. आणि आम्ही दोघींनी बसून स्तोत्र 13 वाचलं, ते सुरूच होतं हे परमेश्वरा, कुठवर? असं. मग स्तोत्र 88 वाचलं. ते फारसं कुणी उपासनेत वाचत नाही, कारण त्याचा शेवट गोड नाही, ते अंधारातच संपतं. मुलगी म्हणाली हे असलं बायबलमध्ये आहे? म्हटलं आहे ना. देवाने ते ठेवून घेतलंय.

त्यानंतर ती लगेच उठून चर्चला आली वगैरे असलं काही झालं नाही, उगाच साक्ष रंगवत नाही. पण ती माझ्याशी बोलणं थांबवत नाही, देवाबद्दल वाद घालते, आणि मला ते पांघरूण डोक्यावर घेऊन गप्प पडण्यापेक्षा शंभर पटीने बरं वाटतं.

आता ज्यांची मुलं दूर गेलीत त्या आयांबद्दल. मोनिकाचं नाव ऐकलं असेल, पुढे बिशप आणि मोठा धर्मपंडित झालेल्या संत ऑगस्टीनची आई. चौथ्या शतकातली, उत्तर आफ्रिकेतल्या थगास्ते गावची. नवरा पात्रिकियुस विश्वासात नव्हता, तापट होता, त्याने मरायच्या थोडं आधी बाप्तिस्मा घेतला. मुलगा हुशार, आणि मानी पंथात, म्हणजे प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती मानणाऱ्या पंथात, गेला, नऊएक वर्षं त्यातच होता, लग्नाशिवाय एका बाईबरोबर राहत होता, एक मुलगाही झाला. मोनिका रडायची. हे सगळं ऑगस्टीनने स्वतःच लिहून ठेवलंय. त्यातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. ती एका बिशपांकडे गेली की तुम्ही माझ्या मुलाशी बोला, त्याचे मुद्दे खोडून काढा. बिशप नाही म्हणाले. म्हणाले की तो आत्ता ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रभूकडे प्रार्थना कर. आणि त्यांनी तिला सांगितलं की माझ्या आईनेच मला लहानपणी मानी लोकांच्या हवाली केलं होतं, मी त्यांची पुस्तकं वाचली, नक्कल केली, आणि कुणी वाद न घालता माझं मलाच समजलं की हे खोटं आहे. तरी मोनिका ऐकेना, रडतच राहिली, तेव्हा ते वैतागून म्हणाले, जा आता, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्यच नाही.

ते वैतागले होते हे आपण उपदेशात गाळतो. पण मला ते आवडतं, कारण आपण सगळ्याच आया अशाच असतो, पाळकांना, मोठ्या भावाला, युथ लीडरला, सगळ्यांना मागे लागून की तुम्ही जरा समजावा ना त्याला. आणि बऱ्याचदा समजावण्याने मूल आणखी लांब जातं.

आणि पुढची गोष्ट. ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला तेव्हा ती त्याला जाऊ देईना, किनाऱ्यापर्यंत मागे आली. त्याने थाप मारली, मित्राला निरोप द्यायला आलोय म्हणाला, ती जवळच्या संत सिप्रियनच्या स्मारकात रात्रभर प्रार्थना करत बसली आणि हा रात्रीत जहाज पकडून गेला. ती काय मागत होती, की देवा त्याला जाऊ देऊ नकोस. आणि देवाने नेमकं तेच ऐकलं नाही. तो इटलीला गेला, तिथून मिलानला, तिथले बिशप अँब्रोज भेटले, आणि 387 साली ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीन नंतर म्हणतो की देवाने तिची त्या रात्रीची मागणी नाकारली ती तिची कायमची मागणी पूर्ण करायला. त्याच वर्षी रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात मोनिका वारली, छप्पनाव्या वर्षी.

मी हे यासाठी सांगत नाहीये की बघा, रडलं की मुलगा परत येतो. तसा काही फॉर्म्युला नाही, आणि ज्या आया मुलं परत यायच्या आधी गेल्या त्यांची प्रार्थना कमी पडली असं म्हणणारा माणूस माझ्यासमोर आला तर मी त्याच्याशी भांडेन. मला त्यात दिसतं ते हे की मोनिकाचे अश्रू ऑगस्टीनला माहीत होते. तो थाप मारून गेला तेव्हाही त्याला माहीत होतं की ती कुठे बसलीये आणि काय करतेय. तो कुठेही गेला तरी आईची प्रार्थना त्याने बघितलेली होती.

अजून एक, ही फार कमी लोकांना माहीत असते. मोनिकाचं स्वतःचं वळण कुणामुळे लागलं? ऑगस्टीन म्हणतो की ती आपल्या आईपेक्षाही जास्त श्रेय घरातल्या एका म्हाताऱ्या दासीला द्यायची, जिने मोनिकाच्या वडिलांना लहानपणी पाठीवर खेळवलं होतं. त्या बाईचं नावसुद्धा कुठे नाही. म्हणजे मूल नसलेल्या, लग्न न झालेल्या, एकट्या राहणाऱ्या ज्या मावश्या, आत्या, चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका आहेत, त्यांना वाटू नये की हा विषय आपला नाही. पौलही आपला सहकारी तीत याला लिहितो ना, वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावं. त्याने आपापल्या पोटच्या मुलींना असं म्हटलेलं नाही.

आजींचं म्हणाल तर मला थोरली माक्रीना पण आठवते. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती लोकांचा छळ झाला तेव्हा ती आणि तिचा नवरा पोंतच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, रानात पळाले, आणि काही वर्षं तिथे लपून राहिले. तिचे नातू म्हणजे बासिल आणि नीसाचा ग्रेगरी, त्यांची बहीण धाकटी माक्रीना, सगळी पुढे मंडळीतली मोठी नावं झाली. आणि बासिल मोठा बिशप झाल्यावरही, त्याच्या विश्वासावर शंका घेतली गेली तेव्हा, उत्तरात काय सांगतो तर देवाविषयीची जी समज मला लहानपणी माझ्या आईकडून आणि आजी माक्रीनाकडून मिळाली तीच मी वाढवली, बदलली नाही. अथेन्ससारख्या ठिकाणी शिकलेला माणूस, आणि साक्षीदार म्हणून उभं करतो आजीला!

सोव्हिएत काळातल्या रशियातल्या आजींचंही असंच. 1929च्या कायद्याने चर्चला मुलांसाठी वेगळ्या सभा, वर्ग घ्यायला बंदी घातली. संडे स्कूल बंद, पुस्तकं नाहीत, आईबाप नोकरी जाईल म्हणून घाबरलेले. म्हाताऱ्या बायकांचं सरकार फारसं काय बिघडवणार, म्हणून चर्चमध्ये उरल्या त्या बहुतेक आज्याच, आणि कित्येक नातवंडांचा बाप्तिस्मा त्यांनीच गुपचूप करवून घेतला. लोक म्हणायचे या म्हाताऱ्या मेल्या की धर्म संपला. पण एक पिढी मरेपर्यंत पुढच्या बायका म्हाताऱ्या होऊन त्यांच्या जागी येऊन उभ्या राहायच्या.

पण आजच्या काळात, जिथे कुणाची बंदी नाही, तिथे मला एक सांगायचंय, आजींनो रागावू नका. मुलाला-सुनेला न विचारता, त्यांच्या पाठीमागे, नातवंडांना काही करू नका. तुमची तळमळ मला कळते. पण मुलाला जर हे दिसलं की आजी आईबाबांपासून लपवून काहीतरी करतेय, तर ते मूल देवाबद्दल नाही, लपवण्याबद्दल शिकतं. त्यापेक्षा सरळ विचारा, की मी झोपताना त्याच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? बहुतेक घरांत एवढ्याला कुणी नाही म्हणत नाही, विश्वासात नसलेले सुद्धा. आणि नाहीच म्हणाले तर तुमच्या घरी, तुमच्या खोलीत, तुमची प्रार्थना तुम्ही करताच ना, नातू आला की बघेल.

आणि दुसरं, हे सगळ्यात जास्त जिवाला लागतं म्हणून लिहिते, देवाचा पोलीस करू नका. मूल खोटं बोललं, भावाला मारलं, की लगेच "देव बघतोय हं!", "येशूला आवडत नाही असं केलेलं", "नरकात जाशील". आपल्याला ते सोपं पडतं, आवाज चढवावा लागत नाही. पण मुलाच्या डोक्यात देव म्हणजे आईच्या रागाला आलेला आणखी एक मोठा आवाज होऊन बसतो. मोठं झालं की मूल त्या आवाजापासून पळणार, आणि पळायलाच पाहिजे त्याने. देव बघतोय हे वाक्य मी घरात वापरते, पण मूल घाबरलेलं असेल तेव्हा. अब्राहामाच्या घरातल्या दासीने, हागारेने, वाळवंटात देवाला नाव दिलं ना, मला पाहणारा देव, ती काही गुन्हा करताना सापडली नव्हती, छळाला कंटाळून पळालेली गरोदर बाई होती ती.

मग रोज करायचं काय, असं विचाराल. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात मोशे सांगतो की ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांच्याविषयी बोला. हे सगळे रिकामटेकडे, मधलेअधले वेळ आहेत. आपल्याला वाटतं कौटुंबिक प्रार्थना म्हणजे सगळे हात जोडून ओळीत बसलेले, दहा मिनिटं वाचन, दहा मिनिटं गीत, आणि ते नाही जमलं की काहीच नाही. जमत असेल तर उत्तमच. पण मला तरी जास्त उपयोग झाला तो गाडीत शेजारी बसलेलं असताना, कपड्यांच्या घड्या करताना, जिथे मुलाला आपल्या डोळ्यांत बघावं लागत नाही. अवघड प्रश्न तेव्हाच येतात.

सुझाना वेस्लीबद्दल खूप सांगितलं जातं, एकोणीस मुलं झाली, त्यातली दहा जगली, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लीची आई. पाच वर्षं पूर्ण झाली की ती मुलाला अक्षरं शिकवायची आणि वाचायला थेट उत्पत्तीचा पहिला अध्याय द्यायची. शिस्त फार कडक होती तिची, काही गोष्टी मला आज पटत नाहीत, लहान मुलांची इच्छाशक्ती आधी मोडली पाहिजे हे तर अजिबातच नाही. पण एक गोष्ट मी तिच्याकडून उचललीये. एवढ्या गर्दीच्या घरात तिने प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एकेक संध्याकाळ ठेवलेली, त्या मुलाशी एकटीने बोलायला. जॉनची गुरुवार. आणि हा जॉन पुढे ऑक्सफर्डला शिकवायला लागला, तिशीच्या आसपास पोचला, तेव्हाही आईला पत्रात लिहितो की ती गुरुवारची संध्याकाळ अजूनही थोडी माझ्यासाठी देत जा. एवढ्या मोठ्या माणसाला आईच्या शिकवणीतून काय हवंसं वाटलं, तर ती संध्याकाळ.

आणि वडिलांचं काय, हे कुणीतरी विचारणारच, विचारलंच पाहिजे. आई-आजींचं कौतुक करता करता आपण पुरुषांना मोकळं सोडतो, हे मला पटत नाही. अमेरिकेत व्हर्न बेंगटसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1970 पासून कित्येक दशकं तीच ती कुटुंबं, चार-चार पिढ्या, अभ्यासली, आणि विश्वास मुलांमध्ये उतरतो का हे बघितलं, तर आईबापांचं चर्चला नेणं, आदर्श असणं हे तर होतंच, पण घरातली माया नसेल तर त्याचा फारसा उपयोग होत नव्हता, आणि बापाशी जवळीक असणं तर फार महत्त्वाचं ठरलं. आजी-आजोबांचा वाटाही त्याला मोठा दिसला. तेव्हा बाबा लोकहो, तुमची प्रार्थना पण मुलांना ऐकू येऊ द्या, नुसतं जेवणाआधीचं घाईघाईचं आमेन नको.

शमुवेल संदेष्ट्याच्या आईचं, हन्नाचं, सांगायचं राहिलं. शमुवेल दूध तोडल्यावर तिने त्याला शिलोला मंदिरात नेऊन सोडलं. आपण नवस फेडला म्हणून तिची स्तुती करतो, पण कुठल्या मंदिरात? मुख्य याजक एलीचे मुलगे तिथे याजक होते आणि ते नालायक होते, अर्पणातलं ओढून खायचे, बायकांशी वाईट वागायचे. असल्या ठिकाणी एवढंसं पोर. म्हणजे बिघडलेल्या मंडळीत मूल वाढवण्याची चिंता आजची नाहीये. हन्नाला त्याच्याबरोबर मिळाली ती सुरुवातीची थोडी वर्षं. आणि नंतर दरवर्षी ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. मी शिवण करते म्हणून माझं लक्ष तिथेच अडकतं, की मूल समोर नाही, माप नाही, मग ती कशी शिवत असेल, यंदा केवढा झाला असेल, खांद्यात किती वाढवू, बाह्या कुठवर. वर्षभर तेच डोक्यात. ज्यांची मुलं हॉस्टेलला, परदेशात, लग्न होऊन लांब गेलीत त्यांना हे बरोबर कळेल. पूर्वी केवढा होता त्या मापाने नाही शिवायचं, आता केवढा झाला असेल त्या मापाने. मुलाशी विश्वासाबद्दल बोलताना पण असंच करावं लागतं. पंचवीस वर्षांच्या मुलीला आपण अजून संडे स्कूलच्या गोष्टी सांगत बसलो तर त्या तिला होणारच नाहीत.

लांब असलेल्या आजींसाठी एक सुचवते, माझ्या ओळखीच्या एक बाई करतात. त्या नातवंडांना व्हॉइस नोट पाठवतात, पण उपदेश नाही हं, फॉरवर्ड केलेले वचनाचे फुलाफुलांचे फोटो तर अजिबात नाहीत. त्या फक्त प्रार्थना पाठवतात. मिनिटभराची, त्या मुलाचं नाव घेऊन, त्या दिवशी त्याचं जे काही असेल त्याबद्दल, इंटरव्ह्यू, ताप, ब्रेकअपसुद्धा. मुलं उत्तर देतातच असं नाही. पण त्यांचा एक नातू, जो चर्चला जात नाही, त्याने फोन बदलताना दुकानात पहिला प्रश्न हा विचारला की जुन्या फोनमधल्या आजीच्या नोट्स जातील का.

माझ्या आजीच्या काळी रेकॉर्डिंग नव्हतं, आणि आता आईचंही माझ्याकडे फार काही नाही. आईच्या बायबलमध्ये समासात तारखा आणि आमची नावं लिहिलेली आहेत, कुठल्या वचनापाशी कुणासाठी काय मागितलं ते. काही ठिकाणी नुसतं नाव आणि प्रश्नचिन्ह. माझ्या नावापुढे पण एक प्रश्नचिन्ह आहे, मी कॉलेजला असतानाचं. मुलीला ते दाखवलं तर ती म्हणाली, म्हणजे आजीला पण माहीत नव्हतं तुझं काय होणार? म्हटलं नाही, तिला पण नाही. ते बायबल सध्या तिच्याच खोलीत आहे, बाकीची प्रश्नचिन्हं कुणाकुणाची आहेत ते शोधतेय म्हणते, मी परत मागितलेलं नाही.